मॉरिशसच्या राष्ट्रीय उद्यानात झाडं का तोडतात?

प्रश्न थोडक्यात असा: मॉरिशसला सहलीला गेलेल्या एका वाचकाने ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान पाहिलं. वरून दरीत पाहिलं तर जिकडेतिकडे हिरवंगार. पायवाटेने आत शिरल्यावर मात्र एका कुंपणापलीकडे कामगार झाडं तोडताना दिसले. राष्ट्रीय उद्यानात झाडतोड कशी काय चालते? एवढं हिरवं जंगल धोक्यात आहे असं का म्हणतात? कुंपण घालून ते निसर्गावर सोडून का देत नाहीत? आणि पुढच्या वर्षी आईवडिलांना घेऊन जायचं आहे, तर त्यांना काय दाखवावं?

मी वनस्पतीशास्त्रातली. सह्याद्रीत घाणेरी आणि रानमोडी काढण्याच्या कामात बरीच वर्षं गेली आणि मधली काही वर्षं याच उद्यानात तण काढणाऱ्या पथकांबरोबर होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही पाहिलेली माणसं उद्यानाच्याच कामावरची असणार आणि ती बहुधा चिनी पेरू नावाचं बाहेरून आलेलं, रान माजवणारं झाड काढत असणार. तिथल्या जंगलासाठी आज याहून गरजेचं दुसरं काम नाही. ते का, हे कळायला आधी ही जमीन समजून घ्यावी लागते.

मॉरिशस हे समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखीचं बेट. वय सुमारे ८० लाख वर्षं. कुठल्याही खंडाला ते कधी जोडलेलं नव्हतं. जे जीव उडत, तरंगत किंवा वाऱ्यावर आले तेवढेच इथे रुजले. वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी इथला मूळचा नाही. माकड नाही, हरीण नाही, उंदीरही नाही. झाडांना पानं ओरबाडणाऱ्या खुरांची सवय नाही आणि पक्ष्यांना घरट्यावर चढून येणाऱ्या शत्रूची ओळख नाही. फळं खाऊन बिया पसरवण्याचं काम महाकाय कासवं, डोडो, पोपट, कबुतरं आणि वटवाघळं करायची. पुढचा सगळा इतिहास याच एका गोष्टीतून निघतो.

उद्यान बेटाच्या नैर्ऋत्येला आहे. १५ जून १९९४ रोजी ते जाहीर झालं. देशातलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ ६,५७४ हेक्टर, म्हणजे १,८६५ चौरस किलोमीटरच्या बेटाचा साडेतीन टक्के भाग. बेटावरचं सर्वांत उंच शिखर इथलंच, ८२८ मीटर. सह्याद्रीतल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, पण या एवढ्याशा उंचीने पावसात जो फरक पडतो तो थक्क करणारा आहे. आग्नेयेकडून येणारे वारे पठारावर पाणी ओततात. वर वर्षाला ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस आणि तिथून थोडंच खाली पश्चिम किनाऱ्याला त्याच्या पावभर. त्यामुळे एका दिवसाच्या चालीत तुम्ही शेवाळाने माखलेल्या ओल्या रानातून निघून दरीतल्या कोरड्या, विरळ झाडीत उतरता.

पठारावर पेत्रँ आणि प्लेन शांपान या भागांत माती पातळ, खाली लोहाचा कठीण थर, पाणी साचलेलं. झाडं जेमतेम पुरुषभर उंच. आपल्या कोकणातल्या सड्यावर पावसाळ्यात उभं राहिल्यासारखं वाटतं, फक्त इथे गवताच्या जागी झुडपं आहेत आणि मधूनमधून केवड्याच्या कुळातली पांदानसची बेटं. माकाबे आणि ब्रीझ फेरकडे गेलं की खरं उंच रान लागतं. तिथली झाडं परकी, पण घराणी ओळखीची. आपल्या बकुळीचं मिम्युसॉप्स घराणं तिथे आहे, जांभळाचं सिझिजियम आहे, धुपाच्या झाडाचं कॅनेरियम आहे, टेंभुर्णीचं डायोस्पायरॉस तर आहेच. मॉरिशसचं नावाजलेलं एबनी म्हणजे या टेंभुर्णीच्याच घराण्यातलं काळ्या गाभ्याचं झाड. या घराण्यांतल्या बहुतेक जाती मात्र त्या बेटांवरच्याच, जगात दुसरीकडे कुठेही न सापडणाऱ्या.

डच लोक १६३८ मध्ये वस्तीला आले ते या एबनीसाठी. डोडो त्यांच्याच काळात संपला. त्याची शेवटची खात्रीची नोंद १६६२ ची. १६३९ मध्ये त्यांनी जावा बेटावरून रुसा हरणं आणली. ही आपल्या सांबराची चुलत भावंडं. डुकरं आली, माकडं आली, जहाजांतून उंदीर आले. मग फ्रेंच, मग १८१० पासून इंग्रज, आणि उसासाठी जवळजवळ सगळं सपाट बेट मोकळं झालं. आपल्याकडच्या रत्नागिरी-साताऱ्याकडून गेलेले गिरमिटिये याच उसाच्या मळ्यांत राबले. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. डोंगराळ नैर्ऋत्य कोपरा उसाच्या उपयोगाचा नव्हता, म्हणून वाचला. तोही पूर्ण नाही. १९७० च्या दशकात, म्हणजे अगदी परवा, पठारावरचं बुटकं रान मोठ्या प्रमाणावर साफ करून तिथे पाइन लावले गेले. आज चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरलं आहे.

आता तुमच्या डोळ्यांना दिसलेल्या हिरव्याकडे येते. वरून पाहताना तो हिरवा रंग कशाचा आहे हे कळत नाही. त्यातला फार मोठा भाग चिनी पेरूचा आहे. नाव चिनी असलं तरी झाड ब्राझीलचं. आपल्या पेरूचाच भाऊ, फळ बोराएवढं, लाल, आंबटगोड. खोड हाताच्या मनगटाएवढं, साल गुळगुळीत तांबूस, सोलून निघणारी. हे झाड सावलीत उगवतं, उन्हात उगवतं, बी पडलं की उगवतं, मुळापासूनही फुटतं. एक झाड कधीच एकटं नसतं. काठ्या खोचून ठेवाव्यात तसा दाट वाफा होतो, इतका की माणसाला आडवं होऊन शिरावं लागतं. खाली प्रकाश पोहोचत नाही. मूळ झाडांची रोपं तिथे उगवली तरी वाढत नाहीत.

त्याच्या जोडीला श्रीलंकेहून आलेलं प्रिव्हेट नावाचं झुडूप आहे. त्याच्या बारीक काळ्या फळांचा प्रसार करणारा मुख्य पक्षी म्हणजे आपला शिपाई बुलबुल. तो १९ व्या शतकाच्या शेवटी तिथे पोहोचला आणि आज बेटभर आहे. मादागास्करचं रावेनाला आहे, काटेरी रुबस आहे. कोरड्या उतारांवर तर आपली माधवलता आहे. संस्कृत काव्यात जिच्या मांडवाखाली नायिका बसायची ती ही वेल तिथे झाडांवर चढून त्यांचा श्वास कोंडते. सह्याद्रीत मी तिची फुलं बघायला वाट वाकडी करून जाते. तिथे मी ती कोयत्याने तोडली आहे आणि त्यात काही चुकीचं वाटलं नाही. वनस्पती वाईट नसते. तिला आवर घालणारे कीटक, रोग, शेजारी मागे राहिले की ती अशी वागते.

म्हणजे चित्र असं आहे. वरच्या थरात अजून जुनी झाडं आहेत, शेकडो वर्षांची. त्यांची पानं वरून दिसतात, म्हणून जंगल शाबूत वाटतं. पण खाली पुढची पिढी नाही. एकेक म्हातारं झाड चक्रीवादळात पडतं आणि त्याच्या जागी पेरू येतो. असंच चालू राहिलं तर एक दिवस वरून तेवढंच हिरवं दिसेल आणि आत मूळचं एकही झाड नसेल. याच कारणाने, नुसत्या हिरवाईच्या टक्केवारीवर समाधान मानणारे अहवाल वाचले की मला त्रास होतो, मग ते मॉरिशसचे असोत की आपले.

हे काही नवं निदान नाही. रेजिनाल्ड व्हॉन आणि विए या दोघा वनस्पतीशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकातच माकाबेच्या रानात आखून घेतलेल्या तुकड्यात खोडन् खोड मोजून ठेवलं होतं. पुढच्या पिढ्यांनी त्याच जागी पुन्हा मोजणी केली तेव्हा ऱ्हास किती झाला हे आकड्यांत समोर आलं. तण काढून एखादा तुकडा राखायचा प्रयत्नही इथूनच सुरू झाला. पुढे १९८० च्या दशकापासून ब्रीझ फेर, मार लाँग, बेल ऑम्ब्र अशा ठिकाणी कुंपण घातलेले तुकडे तयार झाले. तुम्ही पाहिलंत ते कुंपण अशाच एका तुकड्याचं.

तुम्ही विचारता, नुसतं कुंपण का पुरत नाही. कुंपण हरीण आणि डुकराला अडवतं, आणि ते फार गरजेचं आहे. डुकराने एका रात्रीत उकरलेली जमीन पाहिली की रोपवाटिकेतल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. पण माकड कुंपणावरून चढतं, उंदीर खालून येतो, बुलबुल वरून उडत येतो, आणि पेरू तर आधीपासून आतच आहे. नुसतं कुंपण घालून सोडून दिलं तर तुम्ही पेरूची बाग राखल्यासारखं होतं. ‘निसर्गावर सोडा’ हा सल्ला ज्या जागेची जुनी घडी शाबूत आहे तिथे ठीक. इथे ती घडी मोडून तीन-चारशे वर्षं झाली.

काम कसं चालतं ते जवळून सांगते, कारण लोकांना वाटतं कुऱ्हाड घेतली आणि निघालं. आधी एक जाणती व्यक्ती रांगेच्या पुढे चालते आणि राखायच्या रोपांना फीत बांधते. हा सगळ्यांत अवघड भाग. मॉरिशसमधल्या कित्येक झाडांची पानं लहानपणी एक आणि मोठेपणी वेगळीच असतात. रोपाचं पान लांब, अरुंद, तांबड्या शिरेचं, तर मोठ्या झाडाचं रुंद आणि हिरवं. पुस्तकातलं चित्र मोठ्या झाडाचं असतं, त्यामुळे नवखा माणूस नेमकं दुर्मीळ रोपच तण समजून उपटतो. फिती बांधून झाल्या की मागून बाकीचे. बोटाएवढी पेरूची रोपं हाताने मुळासकट ओढायची. मोठी खोडं जमिनीलगत आडवी कापायची आणि ताज्या कापावर लगेच तणनाशकाचा बोळा फिरवायचा. थोडा वेळ गेला की काप सुकतो, औषध आत जात नाही, आणि काही महिन्यांत त्या बुंध्यातून पाच-सात धुमारे वर येतात. तोडलेला पाला जमिनीवर नुसता टाकून चालत नाही, ओल्या हवेत पेरूची फांदी मुळं धरते. म्हणून ढीग दगडांवर किंवा पडलेल्या ओंडक्यांवर रचायचे.

सगळा पेरू एकदम काढावा का, यावर आमच्यात नेहमी वाद होत. एकदम काढला तर आत अचानक ऊन येतं आणि त्या उन्हात रुबस आणि गवत माजतं. हळूहळू काढला तर त्याच जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं, दरवेळी रोपं तुडवली जातात. माझं मत असं झालं आहे की जिथे वरचं छत्र दाट आहे तिथे एका दमात काढावा, आणि जिथे छत्र फाटलेलं आहे तिथे घाई करू नये. काहीही केलं तरी दुसरी आणि तिसरी फेरी ठरलेली. पहिल्या फेरीला पैसा मिळतो, फोटो निघतात. तिसऱ्या फेरीसाठी निधी मागायला गेलं की लोक विचारतात, तुम्ही तर हे आधीच साफ केलं होतं ना? याच प्रश्नापायी चांगले तुकडे पुन्हा पेरूखाली गेलेले मी पाहिले आहेत, तिथेही आणि इथेही.

पण जिथे फेऱ्या चुकल्या नाहीत तिथे काय होतं ते बघण्यासारखं आहे. पेरूच्या गर्दीत गुडघ्याएवढं उभं असलेलं एबनीचं रोप कितीतरी वर्षं तसंच अडकलेलं असतं, ना मरतं ना वाढतं. प्रकाश मिळाला की त्याला नवी पालवी फुटते. मोठी झाडं, जी वर्षानुवर्षं नुसती उभी होती, ती जास्त फुलतात आणि जास्त फळतात, कारण मुळांशी पाण्यासाठी भांडणारं कोणी उरलेलं नसतं. तण काढलेल्या तुकड्यांत फुलपाखरांच्या जाती आणि संख्या दोन्ही जास्त आढळल्या आहेत. हे सगळं लावलेल्या रोपांमुळे झालेलं नाही. बहुतेक ठिकाणी फक्त अडथळा काढला. लागवडीचे सोहळे आपल्याला आवडतात, खड्डे, रोपं, पाहुणे. जंगलाला बहुतेक वेळा याची गरज नसते. त्याला हवं असतं ते पाठीवरचं ओझं उतरवणारं कोणीतरी, आणि दरवर्षी उतरवणारं.

पक्ष्यांची गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल, कारण जगभर ती सांगितली जाते. मॉरिशस केस्ट्रेल नावाचा छोटा ससाणा १९७४ मध्ये फक्त चार उरला होता. जंगल गेलं होतंच, त्यात मलेरियाच्या डासांसाठी फवारलेल्या डीडीटीने अंडी निकामी केली. पक्षी वाचवण्यासाठी कार्ल जोन्स हे संवर्धक १९७९ मध्ये तिथे गेले. युक्ती साधी होती. जोडीची पहिली अंडी काढून घ्यायची, मादी पुन्हा अंडी घालते. काढलेली अंडी उबवायची, पिलं हाताने वाढवायची, मग जंगलात सोडायची. पुढे संख्या काही शेंवर गेली. गुलाबी कबूतर १९९० च्या सुमारास रानात जेमतेम दहा होतं, आज पाचशेच्या आसपास आहे. एको पोपटही दहा-वीसवरून साडेसातशेच्या पुढे गेला.

या कबुतराच्या बाबतीत एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. शेवटची रानटी कबुतरं घरटी करत होती ती मूळ झाडांवर नव्हे, तर जपानहून आणून लावलेल्या क्रिप्टोमेरियाच्या एका छोट्या राईत. टोचणाऱ्या पानांच्या त्या झाडांवर माकडांना वावरायला नको वाटायचं, म्हणून अंडी वाचायची. म्हणजे परदेशी झाड दिसलं की तोडा, एवढ्या सोप्या नियमावर हे काम चालत नाही. कोण काय करतंय ते बघावं लागतं. ती राई कोणी उत्साहाच्या भरात तोडली असती तर आज गुलाबी कबूतर नसतं.

आणि हे पक्षी वाचले म्हणजे काम संपलं असंही नाही. कबुतरांसाठी आजही रानात ठरलेल्या जागी धान्य ठेवतात, कारण मूळ फळं पुरत नाहीत. उंदरांसाठी विषाच्या पेट्या आणि मांजरांसाठी सापळे सतत लावावे लागतात. एको पोपटाला ढोलीसाठी जुनी झाडं लागतात, ती कमी पडतात म्हणून लाकडी पेट्या टांगल्या आहेत. त्यातच आपला कंठवाला पोपट १९ व्या शतकात तिथे पोहोचला. दोघं जवळचे नातलग, त्यामुळे ढोलीसाठी भांडण आणि चोच-पिसांच्या विषाणूचा धोका, दोन्ही. कबुतरांची समस्या आणखी खोल आहे. सगळी इतक्या थोड्या पूर्वजांपासून आलेली की त्यांच्या रक्तातली विविधताच आटली आहे. म्हणून दूरच्या प्राणिसंग्रहालयांतले पक्षी आणून मिसळणं गरजेचं झालं आहे. ससाण्याचं तर उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारं. १९९४ नंतर पिलं सोडणं थांबवलं, सगळ्यांनी यश साजरं केलं, आणि २०१४ मध्ये त्याला पुन्हा संकटग्रस्त यादीत टाकावं लागलं. पिंजऱ्यात पक्षी वाढवता येतो. तो जिथे सोडायचा ते रान वाढलं नाही, तर संख्या तेवढ्यावरच अडते.

आता एक अगदी लहान गोष्ट, जी बहुतेक पर्यटक बघत नाहीत आणि मला या उद्यानातली सर्वांत मोलाची वाटते. पठारावर ट्रोकेशिया नावाचं झुडूप आहे, घंटेसारखी गुलाबी लोंबती फुलं. त्याचं परागण एक पाल करते. निळ्या शेपटीची, दिवसा हिंडणारी, झगझगीत हिरवी पाल, फेल्सुमा. फुलात डोकं खुपसून मध चाटते आणि डोक्यावर पराग घेऊन निघते. पण पाल उघड्यावर बसत नाही, वरून ससाणा टिपतो. तिला लपायला पांदानसची काटेरी, घट्ट पानं लागतात. पांदानसच्या बेटाजवळच्या ट्रोकेशियाला पालीच्या भेटी जास्त मिळतात आणि फळंही जास्त धरतात, हे मोजून दाखवलेलं आहे. म्हणजे पेरूने पांदानस झाकला, तर पुढे कधीतरी ट्रोकेशियाची बी कमी होईल, मधे पालीचं काय झालं ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. रूसिया नावाच्या वेलीसारख्या झुडपाचं तर परागणही ही पाल करते आणि बियाही तीच पसरवते. बाहेरून आलेल्या मुंग्या त्या फुलांवर मावा-पिठ्या ढेकूण पाळतात आणि पालीला हाकलून लावतात. एक मुंगी येते आणि एका झाडाचा वंश अडतो.

वटवाघळाबद्दलही बोललं पाहिजे, कारण तिथे हा विषय तापलेला आहे. मॉरिशसचं फळखाऊ वटवाघूळ लिची आणि आंबा खातं, बागवाले चिडतात, आणि २०१५ पासून सरकारने मोठ्या संख्येने त्यांची कत्तल केली. २०१८ मध्ये त्या जातीचा धोक्याचा दर्जा वाढवावा लागला. बागवाल्यांचं नुकसान खरं आहे, ते मी नाकारत नाही. जाळी लावणं हा त्यावरचा नीट उपाय आहे आणि त्याला अनुदान मिळायला हवं. पण कासव गेलं, डोडो गेला, मोठ्या बिया दूर नेऊ शकणारा हा जवळजवळ शेवटचा प्राणी उरला आहे. शिवाय वटवाघूळ बागेत येतं त्याचं एक कारण रानातच आहे. मूळ झाडांची फळं पिकायच्या आधीच माकडं तोडून टाकतात आणि पेरूने वेढलेली झाडं फळतच कमी. तण काढलेल्या रानात वटवाघळाला जास्त चारा मिळतो, तेव्हा बागवाल्याच्या हिताचा रस्ताही शेवटी त्याच कुंपणातून जातो.

माकडांचं काय करायचं, हा सर्वांत अवघड प्रश्न. पर्यटकांना ती गोड वाटतात, अनेक स्थानिक हिंदूंच्या मनात हनुमान आहे, आणि दुसरीकडे मॉरिशस संशोधनासाठी माकडं निर्यात करणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक आहे. त्या निर्यातीवरच्या शुल्कातून संवर्धनाला पैसा मिळतो. मला हा पैसा घेताना बरं वाटत नाही. पण घरट्यातली अंडी आणि कोवळी फळं वाचवायची तर माकडांची संख्या खाली आणावीच लागेल, हेही मी मान्य करते. यातून सगळ्यांना पटेल असा मार्ग अजून कोणाकडे नाही.

पेरूचंही तसंच. हंगामात अख्खी कुटुंबं टोपल्या घेऊन प्लेन शांपानला पेरू वेचायला येतात, रस्त्याकडेला मीठ-मिरची लावून विकतात. दोन-तीन पिढ्यांची आठवण त्याच्याशी जोडलेली आहे. ती मोडून काढायची भाषा करू नये. रस्त्यालगतचा पट्टा पेरूसाठी सोडावा, उरलेलं मूळ रान मात्र हट्टाने राखावं. एवढा हिशेब स्पष्ट ठेवला तर गावकरी विरोध करत नाहीत, उलट कामाला येतात. सगळं उद्यान हाताने साफ करणं शक्यही नाही. म्हणून सर्वांत चांगले तुकडे आधी धरायचे, ते टिकवायचे आणि मग त्यांच्या कडा वाढवत न्यायच्या.

आता आईवडिलांना काय दाखवावं. फार चालवत नसेल तर पेत्रँच्या प्रवेशद्वाराशी थांबा. तिथे माहिती केंद्र आहे, जमीन सपाट आहे, बुटकं रान समोरच आहे. पांदानसच्या बेटाजवळ दहा मिनिटं न बोलता उभे राहा, पाल दिसते. गुलाबी कबुतरं आपल्या कबुतरांपेक्षा मोठी, अंग फिकट गुलाबी, शेपटी विटकरी. त्यांच्या पायात रंगीत कडी असतात. कड्यांचे रंग क्रमाने टिपून केंद्रात सांगितले तर त्यांच्या नोंदीला उपयोग होतो. चालायची हौस असेल तर पेत्रँहून माकाबेमार्गे दरीत उतरणारी वाट घ्या. वरच्या ओल्या रानातून खालच्या कोरड्या रानापर्यंत सगळा बदल एका दिवसात दिसतो, पण उतार तीव्र आणि पावसात निसरडा आहे. गुडघे दुखत असतील त्यांना त्या वाटेने नेऊ नका. गाडी खालच्या ब्लॅक रिव्हरच्या दारापाशी बोलावून ठेवा, परत चढायला लावू नका. शामारेलजवळचं एबनी फॉरेस्ट हे खासगी राखीव रानही चांगलं आहे. तण काढल्यानंतरचं आणि न काढलेलं रान शेजारी शेजारी बघायला मिळतं.

गंगा तलाव या हिंदूंच्या तीर्थाला तुम्ही जालच, तो उद्यानाला लागूनच आहे. दर्शन झाल्यावर माकडांना केळी आणि नारळ देण्याची तिथे पद्धत पडली आहे. ते करू नका आणि आईवडिलांनाही समजावून सांगा. तिथे पोसलेली माकडं त्याच रानात घरट्यांवर जातात. एका रानातून दुसऱ्या रानात जाताना बुटांच्या तळव्यातला चिखल खरवडून काढा, त्यात पेरूचं आणि प्रिव्हेटचं बी असतं. पेरू खायचे तर रस्त्यावरच खा, आत पायवाटेवर खाऊन बिया थुंकू नका. आणि कुंपणाच्या आत काम करणारी माणसं पुन्हा दिसली तर थांबून विचारा. क्रिओलमध्ये बोलतील, थोडं हिंदी-भोजपुरीही चालेल, एखादा मराठी आडनावाचाही निघेल. कुठलं रोप राखलं आणि कुठलं काढलं हे ते हातात धरून दाखवतात.